बोरीच्या पलीकडची रेघ

राजूरच्या रस्त्यावर परवा पुन्हा चुन्याच्या रेघा दिसल्या. सकाळी शाळेला निघाले, तर डांबरावर एक आडवी पांढरी रेघ, तिच्याशेजारी वाकड्यातिकड्या अक्षरांत 'शून्य', आणि पुढं बाभळीपाशी दुसरी रेघ, तिथं 'शंभर'. म्हणजे पोलीस भरती निघाली. आमच्याकडं थंडी आल्याचं अंगाच्या आधी हा रस्ता सांगतो. तुरीला शेंगा धरलेल्या असतात, कपाशीची दुसरी वेचणी चाललेली असते, हवेत ओल्या मातीचा आणि कुठंतरी पेटवलेल्या पऱ्हाटीच्या काड्यांचा वास असतो, आणि अशा अंधुक उजेडात पोरंपोरी तोंडातून वाफा सोडत धावत असतात. कुणी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत असतं. एखादी माय मोटारसायकलवर मागं बसून, डोक्यावरून शाल घेऊन, पळणाऱ्या लेकीला 'चल, चल' करत असते. मला स्कूटी अगदी हळू चालवावी लागते.

त्या रेघा दिसल्या की माझं डोकं अजूनही गरगरतं. शंभर मीटर म्हणजे नेमके किती, हा प्रश्न शिक्षिकेला पडू नये, मान्य आहे. पण मी हिंदी शिकवते, गणित नाही, एवढाच काय तो माझा बचाव. आणि खरं सांगू का, त्या एका थंडीनंतर मला अंतर, वेळ आणि वेग या तिन्ही गोष्टींवर भरवसाच राहिलेला नाही. परवा एका पोरीनं मला थांबवून मोबाइल पुढं केला. "मॅडम, जरा टाइम लावता का?" मी म्हटलं, "बाई गं, दुसरं काहीही सांग." ती बिचारी माझ्याकडं बघतच राहिली.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. सगळं गाव त्याला अण्णा म्हणतं, म्हणून त्याची लेकही अण्णाच म्हणते. शीतल ही ती लेक, एकुलती एक. माझे मिस्टर मंठ्याला शाळेवर आणि मी इकडं. सरकार आमचं एकत्रीकरण करणार करणार म्हणता आमचे केस पिकले. म्हणून मी माहेरीच, अण्णाच्या घराच्या पुढच्या खोलीत राहते. बाहेर लोक मला मॅडम म्हणतात आणि घरात वहिनी मला अजूनही लसूण सोलायला बसवते.

शीतल जालन्याला कॉलेजात होती तेव्हा तिथल्या एका सरांनी पोरींचा फुटबॉलचा संघ उभा केला. आमच्या घरात तोवर फुटबॉल कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. शनिवारी ती एसटीतून उतरायची तेव्हा खांद्याला जाळीत चेंडू लटकलेला असायचा. घरी आल्यावर गोठ्याच्या भिंतीवर धप्, धप् सुरू. नडग्यांवर निळे-काळे डाग घेऊन ही पोरगी हसत हसत जेवायला बसायची. वहिनी हळद लावायला जायची तर म्हणायची, "राहू दे माय, हे लागलं तेव्हा गोल झाल्ता." अण्णाला त्यातलं काही कळायचं नाही. त्याची एकच तक्रार असायची की ही पोरगी म्हशीला सुखानं रवंथ करू देत नाही.

मग कॉलेज संपवून शीतल घरी आली आणि त्याच थंडीत त्या सरांचा फोन आला. परराज्यात एक क्रीडाकेंद्र होतं, पोरींनी तिथंच राहायचं, शिकायचं आणि खेळायचं. शीतलची तिथं निवड होण्यासारखी होती. घरून हो म्हणायला थंडी संपेपर्यंत वेळ आहे, विचार करून कळवा, असं ते म्हणाले. अण्णानं फोन ठेवला आणि कपाशीची गाठोडी बांधायला लागला. संध्याकाळी चुलीपाशी सगळे होतो, तेव्हा तो बोलला.

"फुटबॉलात पळून कुठं जायचं असतं गं? ती बाबुरावची मनीषा बघ. पळती तर तिला भरतीत मार्क भेटतेत. तू पळून पळून चेंडू दुसरीलाच देऊन टाकती."

"तोच तर खेळ हाय, अण्णा."

"मंग मनीषापेक्षा जल्दी पळती का तू?"

"पळते."

शीतल हे इतकं सहज म्हणाली की अण्णा चिडला. तो म्हणाला, "दाखव मंग. तिच्यापेक्षा जल्दी पळलीस तर जा तुला जायचं तिकडं, मी आडवा येणार न्हाई. न्हाई पळलीस तर चेंडू माळ्यावर, आन् सकाळपासून मनीषासंगं रस्त्यावर. मंजूर?"

"मंजूर."

वहिनीचा हात परातीतच थांबला. मी म्हणणार होते की अरे, पोरीचं आयुष्य असं शर्यतीला लावतात का. पण दोघंही माझ्याकडं वळले. "टाइम आत्या लावील," शीतल म्हणाली. "व्हय, शोभा खोटं बोलायची न्हाई," अण्णा म्हणाला. घ्या! आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं ते माझ्या अंगठ्यावर.

गोष्ट गावात फुटायला काय वेळ लागतो? बाबुरावची फाट्यावर चहाची टपरी आहे, आणि मनीषा त्याची लेक, म्हणजे बातमी चहाबरोबर मोफत. दुसऱ्या दिवशी मी तिथं थांबले तर अशी चर्चा रंगली होती की बोलायची सोय नाही. एकजण म्हणाला, फुटबॉलवाले सगळ्यात जल्दी, मी टीव्हीवर बघितलं, पळणाऱ्याच्या नावाखाली आकडाच येतो. दुसरा म्हणाला, तो आकडा ताशी असतो, आपल्या भरतीचा सेकंदात, त्याचं याला कसं लावणार? तिसरा म्हणाला, ते सगळं सोडा, फास्ट बॉलरचा दीडशेपर्यंत जातो.

"अहो, तो बॉलचा असतो, बॉलरचा न्हाई!" बाबुराव ओरडला.

"कामून? बॉल काय आपोआप जातो का?"

मग कबड्डीवाले निघाले, खो-खोवाले निघाले. पहिल्या चार पावलांत खो-खोच्या पोरीला कुणी धरू शकत नाही म्हणे. पण नंतर ती काय करणार, खांबच येतो. मी चहा संपवला आणि आले होते त्यापेक्षा जास्त गोंधळून उठले.

मला तेव्हापासून एक वाटत राहिलं आहे. शंभर मीटर पळणारीला शेवटची रेघ आधीच दिसत असते. तिथवर जीव काढायचा, पुढं काही नाही. फुटबॉलवालीपुढं रेघच नसते. ती पळते ते चेंडू जिथं जाणार आहे तिकडं, आणि चेंडू ऐन वेळी भलतीकडंच जातो. मग थांबायचं, वळायचं, मागं यायचं, पुन्हा सुटायचं. तासभर हेच चालतं. यातलं कुठलं पळणं मोजायचं? थांबणं मोजायचं का? वळताना गेलेला वेळ उणा करायचा की त्याचेच मार्क द्यायचे? मी एकदा शीतलला विचारलं होतं, तू मैदानात किती पळतेस? ती म्हणाली, "चेंडू जाईल तितकं." हे असलं उत्तर घेऊन माणसानं काय करायचं.

दोघी एका वेळी शेजारी शेजारी पळाल्या असत्या तर भानगडच नव्हती. पण शीतलच्या फुटबॉलच्या बुटांना खाली खुंट्या, ते डांबरावर सटकतात. आणि शाळेच्या मैदानावर काळी भुसभुशीत माती, भरती तोंडावर असताना तिथं पाय मुरगळला तर काय घ्या, म्हणून बाबुराव मनीषाला मैदानावर पळू देईना. शेवटी असं ठरलं की मनीषानं रस्त्यावर पळायचं आणि शीतलनं मैदानावर. अंतर सारखं, टाइम लावणारी एकच. रस्त्यावर काय आणि मैदानावर काय, सेकंद तर तोच ना? हे अण्णा इतक्या ठामपणे म्हणाला की मलाही पटलं.

रस्त्यावरच्या रेघा पोरांनी आधीच आखलेल्या होत्या. मैदानावरची अण्णानं आखायची होती. शंभर मीटरचा टेप खेड्यात कुणाकडं असणार? पण ठिबकची नळी घरोघर असते. ती नळी वावरात अंथरलेली असते, तिला सारख्या अंतरावर बारीक भोकं असतात आणि त्यातून झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडतं. नळी ताणून धरायची, अडीचशे भोकं मोजायची, झाले शंभर मीटर, हा आमच्याकडच्या पोरांचा हिशोब. रस्त्यावरची रेघही तशीच आखलेली, कुणाच्या तरी कपाशीच्या नव्या नळीनं. अण्णा आपली नळी खांद्यावर वेटोळं करून घेऊन आला. शीतलनं बांबू रोवून केलेल्या गोलपोस्टापासून ताणत निघाला, वाकून एकेक भोक बोटानं चाचपत, मोठ्यानं मोजत. मध्ये कुणी बोललं की हात वर करून गप्प करायचा. मैदानाच्या त्या टोकाला एक बोरीचं झाड आहे. त्या बोरीच्या पलीकडं त्यानं फावड्यानं रेघ मारली आणि वर चुना टाकला.

आधी मनीषा पळाली. वेणी घट्ट बांधून, रेघेवर बोटं टेकवून, बापाच्या शिट्टीवर सुटली. आता गंमत अशी की शिट्टी वाजते तेव्हा अंगठा दाबायचा, की पोरगी हलते तेव्हा? मी शिट्टीला दाबला. ती रेघ ओलांडते तेव्हा पाय धरायचा की छाती? मी पाय धरला. छान वेळ आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळी जत्रा मैदानावर. शीतलनं खाली वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या, लांबच्या रेघेकडं पाहिलं, मग अण्णाकडं पाहिलं, मग पुन्हा रेघेकडं. तेव्हा मला त्या बघण्याचा अर्थ लागला नाही. शिट्टी वाजली. काय पळाली हो पोरगी! बोरीपर्यंत तर मला वाटलं, जिंकलीच ही. आणि बोरीनंतर रेघ येता येईना. मी अंगठा दाबला, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. मनीषापेक्षा जवळजवळ दोन सेकंद जास्त.

मी आकडा अण्णाला दाखवला. "झालं मंग," तो म्हणाला. जिंकलेला माणूस असा बोलत नाही, एवढं मला कळलं. तेवढ्यात कुणीतरी उगाच शीतलच्या चेंडूला लाथ मारली आणि तो टप्पे खात तुरीच्या वावराकडं निघाला. शीतल आणि मनीषा दोघी हसत त्याच्यामागं सुटल्या. बाबुराव "अगं पाय! पाय!" ओरडतोय. चेंडू दगडावर आपटून भलतीकडं उडाला. मनीषा तशीच सरळ पुढं गेली, आणि शीतल जागच्या जागी वळून, मनीषा मागं फिरायच्या आत चेंडू पायाखाली घेऊन उभी राहिली.

"हे कुणी मोजलं का?" मी विचारलं.

"शर्यत झाली, शोभा," अण्णा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून शीतल मनीषासोबत रस्त्यावर पळू लागली. चेंडू माळ्यावर गेला नाही, गोठ्यातच एका कोपऱ्यात पडून राहिला. अण्णाला ताट वाढायची, पाणी द्यायची, पण त्याच्याशी शब्द नाही. वहिनी म्हणायची, हरली म्हणून रुसली. मलाही तेच वाटत होतं. हरभऱ्याला घाटे धरत होते, शाळेत पोरं खोकत होती, सकाळी पत्र्यावरून दवाचं पाणी ठिबकत होतं, आणि घरात दोन माणसं एकमेकांच्या बाजूनं अशी जात होती की बघवत नव्हतं. सरांचा फोन अजून एकदा येऊन गेला. अण्णानं तो उचलला नाही.

मग एका रविवारी मी वहिनीबरोबर वावरात गेले. एका पट्ट्यातली नळी काढून दुसरीकडं टाकायची होती. वहिनी कोपरापासून पंज्यापर्यंत हातावर नळी गुंडाळत होती, मी सरकवून देत होते. हाताला चाळा म्हणून मी भोकांवरून अंगठा फिरवत होते. एक, दोन, तीन... आणि मध्येच भोक येईना. मी परत मागं गेले. पुढं एक जोड होता, आणि जोडाच्या पलीकडं भोकं लांब लांब.

"वहिनी, हे असं का?"

"तो मोसंबीच्या नळीचा तुकडा हाय जी. मागच्या साली उंदरांनी मधीच कुरतडली ना, मंग ह्यांनी जोडली. कपाशीचं भोक जवळ असतं, मोसंबीचं लांब." एवढं बोलून वहिनीचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं.

"शोभाताई," ती हळूच म्हणाली, "हीच नळी नेल्ती का हो त्या दिवशी?"

मी ढेकळावर बसून काडीनं मातीत हिशोब मांडला. अडीचशे भोकं, त्यातली इतकी जवळची, इतकी लांबची. पहिल्यांदा एक उत्तर आलं, दुसऱ्यांदा दुसरंच. पण कसंही केलं तरी ते शंभराच्या बरंच पुढं जात होतं. म्हणजे आमची पोरगी हरली नव्हती. की हरली होती? ते जास्तीचे मीटर काढले तर दोघींचे आकडे इतके जवळ येत होते की मध्ये फक्त माझा अंगठा उरत होता.

अण्णा मोसंबीच्या आळ्यात माती ओढत होता. मी तरातरा गेले.

"अण्णा, त्या दिवशीच्या नळीत मोसंबीचा तुकडा हाय. शीतल शंभरापेक्षा जास्त पळाली."

त्यानं फावडं मातीत उभं केलं. "ठावं हाय मला."

"ठावं हाय? कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मोजताना सारं ध्यान आकड्याकडं व्हतं. मैदानातून आणल्यावर गुंडाळून राह्यलो व्हतो, तवा हाताला कळलं."

"मंग बोलला कामून न्हाईस?"

अण्णानं फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात टेकले. "बोलणारच व्हतो. घरात आलो तं ती ओट्यावर बसून बूट धूत व्हती. म्हणलं, आता बोललो तर ही चालली. पोलिसात गेली तर जालन्यात राहील, लई झालं तर परभणी. दुपारी फोन केला तर सांजच्याला घरी. तिकडं परमुलखात गेली म्हंजे... मला तं त्या रेल्वेचं टाइमटेबल बी कळत न्हाई, शोभा. एकच लेक हाय."

मला राग आला. खूप आला. आणि त्याच वेळी माझा मंठ्याचा माणूस आठवला, रविवारी एसटीतून उतरून पिशवीत गावरान लिंबं घेऊन येणारा, आणि सोमवारी पहाटे पुन्हा जाणारा. माणूस लांब असण्याचं दुखणं मला चांगलं माहीत आहे. मग मी अण्णावर ओरडायचं की त्याच्याजवळ बसायचं? मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. आल्या पावली परत फिरले.

शीतलला तरी सांगायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कडेला ती मैलाच्या दगडावर पाय ताणत होती. मी नळीचं सगळं सांगितलं. ती पाय खाली न घेता म्हणाली, "मला ठावं हाय, आत्या."

मी कपाळाला हात लावला. या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि घड्याळ मात्र मी लावायचं!

"रोज त्याच मैदानावर खेळते मी. बोरीपाशीच शंभर होतेत. अण्णांनी रेघ बोरीच्या पलीकडं मारली, तवाच मला दिसलं."

"मग पळायच्या आधी बोलायचं न्हाई का?"

"काय बोलणार? मला वाटलं, मुद्दाम मारली."

"अगं नाही गं. चुकून झालं. त्याला नंतर कळलं."

"नंतर कळलं, मंग सांगितलं का?"

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता. ती म्हणाली, "मी त्यांना विचारणार न्हाई. त्यांनी आपण होऊन सांगितलं तर ठीक. न्हाई सांगितलं तर मला तिकडं बी जायचं न्हाई आन् भरतीला बी पळायचं न्हाई. मला पळायचंच न्हाई, आत्या." आणि पाय खाली घेऊन ती मनीषाच्या मागं धावत गेली.

मी घरी येऊन अण्णाला एवढंच सांगितलं, "तिला ठावं हाय. तिला वाटतंय तू मुद्दाम केलंस." तो घास हातात घेऊन बसला होता. तो घास त्यानं तसाच ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडद धुकं होतं. मैदानाकडून आवाज आला म्हणून मी गेले, तर अण्णा. खांद्यावर तीच नळी, कमरेला विळा. त्यानं बाबुरावला टपरी सोडून यायला लावलं होतं, रस्त्यावरची सगळी पोरं बोलावली होती. मनीषा होती, शीतल होती. अण्णानं नळी गोलपोस्टापासून अंथरली आणि मधल्या तुकड्यापाशी थांबला.

"बाबुराव, बघ. हा मोसंबीचा हाय. माझी नळी खोटी निघाली. माझी पोरगी त्या दिवशी हरली न्हाई."

बाबुराव वाकून भोकं बघू लागला. "आरं, व्हय की," तो पुटपुटला.

शीतल पुढं आली. एवढ्या लोकांत तिनं बापाला विचारलं, "मुद्दाम केल्तं का, अण्णा?"

"मोजताना न्हाई," अण्णा म्हणाला. "नंतर गप बसलो, ते मुद्दाम."

त्यानं विळ्यानं तो तुकडा दोन्हीकडून कापला आणि बाजूला फेकून दिला. मग म्हणाला, "आता जा तू. सरांना मी फोन करतो. पळून दाखवायची बिलकुल गरज न्हाई." एवढं बोलून तो नाक शिंकरायला लागला. मोठी माणसं रडत नाहीत, त्यांना सर्दी होते, तसली ती सर्दी.

पण शीतल ऐकते का! "मला पळायचंय," म्हणाली. बोरीपाशी नवी रेघ पडली. मनीषा म्हणाली, "मी बी पळते, होऊ द्या बाबा काय व्हायचं ते," आणि बाबुरावच्या ओरडण्याकडं लक्ष न देता शेजारी उभी राहिली. शिट्टी वाजली. धुक्यात दोघी सुटल्या आणि पार दिसेनाशा झाल्या, नुसते पायांचे आवाज येत राहिले. मग दोघींचं हसणं ऐकू आलं. सगळे माझ्याकडं वळले. मी मोबाइल पाहिला, तर सगळी शून्यं. मी अंगठा दाबलाच नव्हता. मी अण्णाकडं बघत होते.

"मंग जिंकली कोण?" बाबुरावनं विचारलं. बोरीपाशी कुणी उभं नव्हतं. शीतल म्हणाली मनीषा, मनीषा म्हणाली शीतल. आजपर्यंत या गावात कुणालाही ते माहीत नाही, आणि टपरीवर थंडीच्या दिवसांत त्यावरून अजून भांडणं होतात. मनीषा आता जालन्यात ड्युटीवर असते. तिला विचारलं तर ती अजून शीतलचंच नाव सांगते.

शीतल गेली ती तिकडचीच झाली. परवा, चुन्याच्या रेघा दिसल्या त्याच दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. अण्णा आणि मी गोठ्यापाशी बसलो होतो. तिकडं म्हणे पोरींना अंगात बनियनसारखं काहीतरी घालतात, त्यात पाठीवर एक डबी असते, आणि पोरगी किती पळाली, किती जोरात पळाली, कुठं वळली, कुठं थांबली, सगळं ती डबी मोजते. अंगठा नको, नळी नको. शीतलनं तिचा आकडा सांगितला, ताशी इतके किलोमीटर, म्हणाली इथं सगळ्यांत जास्त माझाच.

"मनीषापेक्षा जास्त का कमी?" अण्णानं लगेच विचारलं.

मी बोटांवर ताशीचे सेकंद करायला लागले आणि मध्येच अडकले. शीतल पलीकडून खो-खो हसली. सामने लागले आहेत, ती म्हणाली, ते संपले की बघते सुट्टीचं. मागच्या वेळीही असंच म्हणाली होती. मग अण्णानं नीट जेव म्हणून सांगितलं, तिनं हो म्हटलं, आणि फोन बंद झाला.

अण्णा उठून गोठ्याच्या कोपऱ्यात गेला. तिथं तो चेंडू अजून आहे. त्यानं तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि हवा आहे का ते अंगठ्यानं दाबून बघू लागला. माझ्याकडं पाठ करूनच त्यानं विचारलं, "एवढी जल्दी पळती म्हणती, मंग घरी यायला तिला इतका टाइम कामून लागतो गं, शोभा?"